पत्र्याचं वाण

नवं राज्य झालं आणि आमच्या ह्यांचं अख्खं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं. साहेबांच्या बंगल्यांना नळ आणि गटारलाइन पहिल्याच महिन्यात मिळाली. आमच्या कारकुनांच्या क्वार्टरांत संडास बांधले होते, पण त्यांना ना पाणी होतं, ना गटार जोडलेलं. आम्हा बायकांना उजाडायच्या आत मागच्या माळावर जावं लागे.

शेवटी शेजारची रत्नप्रभा इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन थडकली. साहेब म्हणाले, "यंदाचं बजेट संपलंय, बाई. तुमच्या लाइनीचं पुढच्या वर्षी बघू. तोवर थोडी कळ सोसा."

संक्रांतीला रत्नप्रभानं हळदीकुंकू केलं आणि बंगल्यांवरच्या झाडून साऱ्या बायकांना बोलावलं. तिळगूळ झाला, झणझणीत चिवडा झाला, त्यावर आग्रह करकरून तीन-तीन कप चहा झाला. वाण म्हणून तिनं प्रत्येकीच्या हातात पत्र्याचं कोरं करकरीत टमरेल ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आम्हालाही वाटलं, हिचं डोकं फिरलं. बरं, इतका चहा पाजायची तरी काय गरज होती?

थोड्या वेळानं इंजिनिअरसाहेबांच्या शशिकलाबाई चुळबुळायला लागल्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. त्या हळूच रत्नप्रभाच्या कानाशी लागल्या, "अहो, तुमच्याकडे संडास कुठंय?"



रत्नप्रभानं त्यांचं वाण त्यांच्याच हातातून घेतलं, विहिरीवरून आणलेल्या पाण्यानं काठोकाठ भरलं आणि परत देत म्हणाली, "चला, माळ काही फार लांब नाही."