नवरीच्या बाजूची कड

स्टुडिओतल्या प्रत्येक फोटोची नागमोडी कड कातरकाका हाताने कापायचे. चारही बाजूंना बोटभर पांढरी पट्टी, ना कमी ना जास्त. तीस वर्षांत त्यांची कात्री कधी चुकली नव्हती, म्हणून कालच्या लग्नाचे फोटो हातात घेतल्यावर मालक चक्रावलेच. एकूणएक फोटोत डावीकडे, नवरीच्या बाजूला, चांगली चार बोटं पांढरी जागा सुटलेली.

"काका, डोळे तपासून घ्या आता. गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल हे."

काका खाली मान घालून कात्री पुसत राहिले.

"नवऱ्याकडची एवढी माणसं दाटीवाटीने उभी आहेत, ती बाजू नीट कापलीत. आणि इकडे पोरीचं कोणीच नाही, ना आई ना बाप. रिकामी जागा ठेवून करायचीय काय? कापून टाका ती."

"कापतो," काका म्हणाले. त्यांनी वरचा फोटो उचलला आणि त्या पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. "आई तर तिची कधीच गेली. मला बोलावलं असतं, तर मी इथेच उभा राहिलो असतो."