कानकोरणं

तोमोए आजींचं डोकं मांडीवर घेऊन चिझुरू बांबूच्या कानकोरण्याने त्यांचा कान साफ करत होती. ओसाकात परक्या म्हाताऱ्यांची सेवा केली की तेवढे तास वेळेच्या बँकेत तिच्या नावे जमा होत. ते तास ती दूर सादो बेटावर एकट्या राहणाऱ्या आईला देई. मग तिथली एक बाई आईचं सगळं करून जाई. "तुझी आई नशीबवान गं!" आजी पुटपुटल्या. चिझुरूचा हात थबकला. सकाळीच ती फोनवर आईवर ओरडली होती, "वय झालं तुझं, ऐकूच येत नाही!" तेव्हा त्या बाईनेच फोन घेतला. "वयाचं काय घेऊन बसलात, ताई! कानात मळ साठलाय. मला हात लावू देतील तर शपथ! म्हणतात, कान माझी लेक आल्यावर तीच कोरेल." आजींनी निवांत कूस बदलून दुसरा कान पुढे केला.