हात काढल्यावर

इस्पितळातल्या काचपेटीत, पातळ गादीवर केतकीचं महिनाभराचं, अपुऱ्या दिवसांचं पिल्लू निजलं होतं. गादीतले इलेक्ट्रॉन एकमेकांची वाट अडवून बसलेले असत. वर पुरेसा भार पडला, की वाट मोकळी होई, वीज वाहे आणि हिरवा दिवा लागे. दिवा लागला, की बाळ घरी.

आज तो लागला!

"गादीवरचा हात काढा, केतकीताई," शेवंता सिस्टर म्हणाल्या. "कालही तुमच्याच हातानं लागला होता."

"मी नुसती थोपटत होते हो!"

"थोपटत होतात की दाबत होतात?"

केतकीनं श्वास रोखून हात उचलला. दिवा तसाच राहिला.

"लबाडा, चांगला जड झालास की रे!" ती म्हणाली. मग तिनं हात पुन्हा आत घातला, आता खरंच नुसता थोपटायला.