लेबलावरची कमान

मुलगा जन्मला त्या वर्षी रादिसावने आलुबुखाराची दारू गाळून पिंपात ठेवली होती. ते पिंप त्याच्या लग्नालाच उघडायचे, असा आमच्या सर्बियातला रिवाज. आता बाटल्यांना लेबले हवी होती. चाचाक गावच्या छापखान्यात मिलियानाने ‘नेबोयशा’ हे मुलाचे नाव सोनेरीतून लाल होत जाणाऱ्या रंगाने भरले आणि फोटोशॉपमध्ये वाकवले. कमान अर्धीच झाली.

“एका नावात कमान पुरी होत नाही, काका. नवरीचं नाव सांगा.”

“ताणून बसव की! मशीन कशाला आहे?”

“ताणलं की रंगाचे पट्टे दिसतात. आणि लाजताय काय एवढे? लग्न तुमचं आहे का?”

रादिसावने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवले.

“लग्न मार्चमध्येच झालं पोरी, स्टुटगार्टला. रिवाज म्हणून पिंप उघडलं. नवरीचं नाव आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.”