आपापला शेवट

दोन्ही कप आज वाफ विरायच्या आतच रिकामे झाले, हे वासंतीच्या लक्षात आलं. पूर्वी शेजारची फिलोमिना आली की बोलण्याच्या नादात चहावर जाड साय धरायची.

त्यांच्या आवडत्या मालिकेचा शेवटचा हंगाम लेखकांनी घाईघाईत गुंडाळला, तेव्हा तर दोघी महिनाभर धुमसत होत्या. आठ वर्षं वाळवंट तुडवणारी राणी एकाच भागात राजधानीत पोचली होती. "आणि पंख असलेला ड्रॅगन पायऱ्यांवरून घसरून मरतो? लेखकांची गाडी सुटत होती काय?" असं फिलोमिना रोज नव्यानं विचारायची.

मग टीव्हीच ज्याला जसा हवा तसा शेवट रचून देऊ लागला. वासंतीची राणी गादीवर बसली, फिलोमिनाची समुद्रापार निघून गेली.

"तुझी राणी कशी आहे?" फिलोमिनानं विचारलं.

"सुखात. तुझी?"

"माझीपण."

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. फिलोमिना पर्स घेऊन उठली. हल्ली ती लवकरच उठायची. एक दिवस ती यायचीच थांबेल, हे वासंतीला केव्हाचं कळत होतं.

तिनं रिमोट उचलला.

"बस, फिलू. मी माझा शेवट पुसून टाकतेय, तूही तुझा पूस. तो घसरणारा ड्रॅगनच परत बघू या."