हयात

“सुगंधा परब यांच्या घरचं कोणी बोलतंय का?”

“बोला,” सुगंधाबाई म्हणाल्या. चार दिवसांत तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. 

फोन मुलुंडहून होता. अक्षता नावाची एक शिक्षिका. इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात ती फावल्या वेळात जुन्या नाटकवाल्यांची पानं लिहायची. सुगंधा परब यांच्या पानावर कुणीतरी त्यांचा तरुणपणीचा फोटो लावला होता. लालबागच्या एका स्टुडिओत काढलेला, हक्क अजून स्टुडिओवाल्यांकडे. असा फोटो परवानगीशिवाय वापरायला तिथे एकाच कारणाने सूट होती. माणूस गेलेला हवा, म्हणजे नवा फोटो मिळायची सोयच नाही. लावणाऱ्याने त्या गेल्याचं बिनधास्त लिहूनही टाकलं होतं.

“पण त्या गेल्याची बातमी मला कुठेच सापडली नाही,” अक्षता चाचरत म्हणाली. “हयात असतील तर तो फोटो हटवावा लागेल मला.”

सुगंधाबाईंना तो फोटो ठाऊक होता. सव्वीस वर्षांच्या होत्या तेव्हा. काजळ, नऊवारी, आणि गिरणी कामगारांनी भरलेलं थिएटर त्या चेहऱ्यासाठी खोळंबलेलं. आता बहात्तर. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि तोंडाची डावी बाजू ओघळली. तेव्हापासून बोरीवलीच्या या घरात त्यांनी कुणाला बोलावलं नाही, त्या कुणाकडे गेल्या नाहीत. हळूहळू कुणी विचारेनासंही झालं.

“गेली ती,” त्या म्हणाल्या. “मी तिची बहीण. तोच फोटो राहू दे.”

“सॉरी, मावशी.” अक्षताने आवाज खाली आणला. “तारीख सांगाल? पानावर लिहावी लागते.”

तारीख काही सुचेना.

“आणि असती तर?” सुगंधाबाईंनी विचारलं. “नवा फोटो काढायला कोण येणार होतं?”

“मीच आले असते. वर्षभर त्यांच्याबद्दल वाचतेय. फोटोचं काय, दोन मिनिटांचं काम. पण बसले असते त्यांच्याजवळ, खूप विचारायचं होतं.”

सुगंधाबाईंचा हात डाव्या गालावर गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

“मावशी? तारीख?”

“लिहू नकोस,” त्या म्हणाल्या. “जिवंत आहे ती. रविवारी ये.”