पाटीवरचा पाठ

"उत्तरं तोंडी घ्यायची, हे मी तीनदा पाट्या खाली ठेवायला लावून सांगितलं," आप्पासो म्हणाले. "आज शेवटचा पाठ. आजही पोरांच्या हातात पाट्या दिल्यात, तर मी नापास लिहिणार. मग नोकरी राहणार नाही."

ज्योतिबा मास्तर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"जी साहेब," ते कवायतीवर असल्यासारखे मोठ्यानं म्हणाले. "पर आमची शाळा एका खोलीची. चार इयत्ता. समदी बोलाय लागली की कुनाचं कुनाला कळत न्हाई. म्हून पाटी."

"ते तुमच्या वाडीत. इथं कराडात एकच इयत्ता आहे."

शिकवत असलेल्या मास्तरांना पुन्हा शिकवायचा हा वर्ग आप्पासो चालवत. दीड महिन्यात तीस मास्तर त्यांच्या हाताखालून गेले, पण हा माणदेशचा गडी त्यांना उमगला नाही. लढाईवरून परतून मास्तर झालेला. रोज पहिल्या बाकावर बसायचा. समोरून विचारलं की चोख उत्तर. फळ्यावर लिहिता लिहिता विचारलं की गप्प. घंटा झाली तरी शेजारचा उठेपर्यंत हलायचा नाही.

"लय ताठा हाय, सायेब," पलूसचे गुंडा मास्तर हसायचे. "मिलटरीचं पानी. सलाम ठोकल्याबिगर जागचं हलायचं न्हाई."

सरावासाठी रोज येणारी शाळेतली पोरं समोर बसली आणि पाठ सुरू झाला. विषय कृष्णा-कोयनेचा संगम. ज्योतिबांनी फळ्यावर दोन नद्या काढल्या, चित्रावर बोट ठेवत गोष्ट सांगितल्यासारखं सांगितलं. पोरं रंगली. मग पहिला प्रश्न विचारला. चारपाच पोरं एकदम ओरडली. ज्योतिबा क्षणभर घुटमळले. त्यांनी आप्पासोंकडे पाहिलं, मान खाली घातली.

"पाट्या घ्या," ते म्हणाले.

मागं बसलेल्या आप्पासोंनी वहीत 'नापास' लिहिलं.

पण पाट्या वर झाल्या तेव्हा ते बघतच राहिले. एरवी तीच चार हुशार पोरं बोलायची. आज बत्तीस पाट्या वर होत्या. ज्याचं चुकलं त्याच्याजवळ जाऊन ज्योतिबा पाटीवर बोट ठेवत होते. कोपऱ्यातली बनू दीड महिन्यात एकदाही तोंड उघडून बोलली नव्हती. तिचं उत्तर अचूक होतं. ज्योतिबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तशी ती लाजून हसली.

आप्पासोंनी लिहिलेलं पान फाडलं.

पोरं घरी गेली. ज्योतिबा फळ्याजवळ हात बांधून उभे होते. आपलाच शब्द तोंडावर मागं घ्यायचा म्हणजे आप्पासोंना जड जात होतं. ते ज्योतिबांकडे पाठ फिरवून कपाटात नकाशे लावू लागले.

"मास्तर, तुम्ही पास," ते म्हणाले.

मागून काही उत्तर आलं नाही.

"तुमची ही रीत मी सगळ्यांना दाखवणार आहे."

तरीही नाही. आता मात्र आप्पासोंना राग आला. एवढा ताठा?

"अहो, पास झालात तुम्ही!" ते ओरडले. ओट्यावर बसलेले गुंडा मास्तर दचकून आत डोकावले.

आप्पासो वळले. ज्योतिबा तसेच उभे होते. डोळे आप्पासोंच्या तोंडावर खिळलेले.

"साहेब," ते म्हणाले, "काय ठरवलंत? ऱ्हायली का माजी नोकरी?"

आप्पासोंनी हातातला नकाशा खाली ठेवला. मग त्यांनी बनूच्या बाकावरची पाटी उचलली, तिच्यावर दोन अक्षरं लिहिली आणि ज्योतिबांच्या डोळ्यांसमोर धरली.